बसल्या उंचीवरून घर

"ही कुणाची खोली गं?" आईने चष्मा नीट करत विचारलं.

फोटो आमच्याच बैठकीच्या खोलीचा होता. त्या खोलीत तिने 29 वर्षं काढली होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडे तिकडे सरकवला, खिडकीजवळची स्वतःची खुर्ची शोधून काढली आणि म्हणाली, "आपलीच आहे की. पण आपली वाटत नाही."

घर विकायचं ठरलं होतं आणि जाहिरातीसाठी फोटो हवे होते. एका रविवारी दुपारी अर्ध्या तासात सगळ्या खोल्यांचे फोटो काढून मी मोकळी झाले होते. कोपऱ्याला पाठ टेकवायची, हात उंच करायचा, फोनमधली सगळ्यात रुंद लेन्स निवडायची, घरातले झाडून सगळे दिवे लावायचे आणि बटण दाबायचं. फोटोंत काही सुटलं नव्हतं. तीन भिंती, छत, फरशी, पंखा, कपाट, सगळं आलं होतं. आणि तरी आईला ती खोली ओळखता आली नाही. तिचं बरोबरच होतं. भिंती खाली जाताना आत झुकल्या होत्या, दाराकडचा उजेड पिवळा आणि खिडकीकडचा निळसर होता, खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन झाला होता. आणि तिची खुर्ची इतकी दूर गेली होती की तिथवर जायला दहा पावलं लागावीत. प्रत्यक्षात ती चार पावलांवर होती.

तेच फोटो जाहिरातीत गेले. पुढच्या आठवड्यात एक जोडपं घर बघायला आलं. त्यातल्या बाई बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या, त्यांनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा हातातल्या फोनकडे, आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, "फोटोत मोठी वाटली होती." बोलण्यात खोच नव्हती. पण मला ते लागलं. आमची खोली लहान नव्हती. आम्हा पाच माणसांना ती कधी अपुरी पडली नव्हती. मी फोटोत तिला फुगवलं, म्हणून खरी खोली बघणाऱ्याच्या डोळ्यांत लहान ठरली.

पुढे घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. कागदपत्रं पूर्ण व्हायला चार महिने होते. त्या चार महिन्यांत मी घराचे फोटो पुन्हा काढले, या वेळी आमच्यासाठी. घराचा फोटो कसा काढावा याबद्दल मला जे काही कळलं आहे, ते बहुतेक सगळं त्या चार महिन्यांतलं आहे.

पहिल्यांदा ती रुंद लेन्स सोडली. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर फोनमधली ही लेन्स साधारण 13 मिलिमीटरची असते, आणि नेहमीची लेन्स 24 ते 26च्या आसपास. आकडा जितका लहान, तितकी जास्त खोली चौकटीत मावते. पण त्याची भरपाई कडेला करावी लागते. कडेला आलेली वस्तू बाहेरच्या बाजूला ओढली जाते. चेंडू चौकटीच्या कोपऱ्यात आला तर अंड्यासारखा दिसतो, आणि तिथे माणूस बसला असेल तर बिचाऱ्याचा चेहराच रुंदावतो. शिवाय ही लेन्स आपल्या पायाजवळची फरशीसुद्धा चौकटीत घेते, आणि त्या फरशीच्या मानाने पलीकडचं सगळं चिमुकलं होऊन बसतं. खोली लांबट वाटते ती त्यामुळे. जाहिरातींत दिसणाऱ्या कितीतरी खोल्या आगगाडीच्या डब्यासारख्या का दिसतात, हे मला तेव्हा उमगलं.

नेहमीच्या लेन्सने अख्खी खोली मावत नाही, ही सुरुवातीला अडचण वाटते. मी मागे सरकत सरकत खोलीबाहेर गेले आणि दाराच्या चौकटीतून आत बघितलं. तिथून जे दिसलं, ते आम्हाला रोज दिसत होतं: घरात शिरताना आत डोकावल्यावर दिसणारी खिडकी, खुर्ची, अर्धं कपाट. बाकीची खोली तिथे आहे हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. मग तीन भिंतींचा हट्ट सोडून मी दोन भिंतींवर आले, आणि कधी कधी तर एकाच भिंतीवर, तिच्या अगदी समोर उभं राहून. समोरून काढलेल्या फोटोत एक स्वस्थपणा असतो. कोपऱ्यातून तिरपे काढलेले फोटो मला अजूनही घाईत असल्यासारखे वाटतात. हा माझा कल झाला, नियम नाही.

भिंती झुकण्याचं कारण तर फारच सोपं निघालं. मी हात उंच करून फोन खाली कलता धरत होते. कॅमेरा खाली कलला की उभ्या रेषा खालच्या बाजूला एकमेकींकडे येतात, वर कलला की वरच्या बाजूला. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, कारण नुसत्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नसतो. फोटो काढतानाही ओळंबा लागतोच. फोनच्या सेटिंगमध्ये चौकटीवर जाळी आणण्याची सोय असते, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांची. त्यातली एक उभी रेष दाराच्या चौकटीला नाहीतर कपाटाच्या कडेला जुळवायची. ती जुळली की फोन सरळ झाला. छत जास्त येतंय किंवा फरशी कमी येतेय असं वाटलं तर फोन कलवायचा नाही, अख्खा हातच वर-खाली करायचा. एवढ्या एका सवयीने माझे अर्धे फोटो सुधारले.

हात वर-खाली करता करताच उंचीचा प्रश्न आला. फोन नेमका किती उंच धरायचा? उभ्याने काढला की टेबलं-खुर्च्या वरून दिसतात, त्यांचे माथेच माथे. मी आईच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि फोन डोळ्यांसमोर धरला. जमिनीपासून साधारण 110 ते 120 सेंटिमीटर. आणि पहिल्यांदाच खोली ओळखीची दिसली. मग लक्षात आलं की बैठकीच्या खोलीत आपण उभे असतोच किती वेळ? तिथे आपण बसतो, बोलतो, वाट बघतो. खोली आपल्या मनात साठते ती बसल्या उंचीवरून. माझ्या लहानपणच्या आठवणीतली हीच खोली तर त्याहून खालून दिसते: टेबलाची खालची बाजू, पडद्याची झूल, लोकांचे गुडघे. तेव्हापासून मी प्रत्येक खोलीला विचारते की इथे माणूस कसा असतो. निजण्याच्या खोलीत पलंगाच्या थोडं वर. स्वयंपाकघरात मात्र उभ्याने, कारण तिथे आपण उभे असतो. तिथे फोन ओट्याच्या जरा वर ठेवला की ओट्यावरच्या वस्तूही दिसतात आणि फळ्यांची खालची बाजूही फार अंगावर येत नाही.

आता उजेडाकडे येते. मला खरं सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

आईची खुर्ची खिडकीच्या उजव्या अंगाला होती. लाकडी, रुंद हातांची. दिवसभरात तिचे मी कितीतरी फोटो काढले आणि एकही मनासारखा आला नाही. दुपारी ती नुसती खुर्ची दिसायची, दुकानात ठेवल्यासारखी. एका सकाळी दुसऱ्याच कामासाठी त्या खोलीत गेले होते. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीच्या गजांमधून ऊन फरशीवर उतरलं होतं आणि खुर्चीच्या पायापाशी पोचलं होतं. मी उभी राहिले. ऊन पायावरून वर चढलं, बैठकीच्या कडेला लागलं, आणि आठ वीसच्या सुमारास डाव्या हातावर आलं. त्या हाताच्या टोकाशी, आई जिथे बोटं ठेवते तिथे, पॉलिश पार झिजलं होतं. खाली लाकडाचे दोरे उघडे पडले होते आणि तिरप्या उन्हात त्यांतल्या प्रत्येक रेषेला स्वतःची बारीक सावली होती. चार बोटांच्या चार उथळ खोबणी मला दिसल्या. ती खुर्ची मी रोज पुसत होते, पण खोबणी कधी पाहिल्या नव्हत्या.

बाजूने येणारा उजेडच असं काही दाखवतो. समोरून पडलेला उजेड, मग तो फोनचा फ्लॅश का असेना, सावल्या वस्तूच्या मागे ढकलतो आणि सगळं सपाट करून टाकतो. तिरपा उजेड सावल्या पुढे आणतो, आणि खडबडीतपणा, झीज, कापडाची वीण हे सगळं सावल्यांमुळेच कळतं. मी धावत फोन आणायला गेले. परत येईपर्यंत ऊन हातावरून सरकून पाठीवर गेलं होतं. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश, हे शाळेत पाठ केलेलं होतं. त्या सकाळी ते माझ्या घरात, खुर्चीच्या हातावर घडताना दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजताच तयार होते. तिपाई म्हणून एक स्टूल, त्यावर जाड शब्दकोश, शब्दकोशाला टेकवलेला फोन, आणि बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर. लेन्स सुती कापडाने पुसून घेतली. हे विसरू नये. बोटांचा तेलकटपणा लेन्सवर असला की खिडकीचा उजेड धुक्यासारखा पसरतो आणि दोष आपण फोनला देतो. मग पडद्यावर खुर्चीच्या हातावर बोट दाबून धरलं. तसं केलं की फोन तिथलाच फोकस आणि तिथलाच उजेड पक्का धरून ठेवतो. नंतर बोट खाली ओढून फोटो किंचित काळोखा केला. कारण खोली आणि खिडकी यांच्या उजेडात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपला डोळा खिडकीकडे वळला की क्षणात जुळवून घेतो, आत वळला की पुन्हा जुळवतो. कॅमेऱ्याला एका फटक्यात दोन्ही सांभाळायचं असतं. हल्लीचे फोन कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो पटापट घेऊन ते एकात मिसळतात, आणि ते उपयोगी पडतंच. पण मिसळण जास्त झालं की सावल्या निघून जातात, आणि ज्या सावलीसाठी मी आठ वाजता उठून बसले होते तीच गेली तर उरलं काय? कोपऱ्यात थोडा अंधार राहू द्यावा. घरात तो असतोच.

खिडकीची ही अडचण फोटोइतकीच जुनी आहे. जगातली सगळ्यात जुनी टिकलेली निगेटिव्ह, म्हणजे उजेड-अंधार उलटे उमटलेलं चित्र, एका घरातल्या खिडकीचीच आहे. इंग्लंडमध्ये लेकॉक ॲबी नावाच्या वास्तूत, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरात, फोटोकलेच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ती ऑगस्ट 1835मध्ये घेतली. त्यांचे लाकडी कॅमेरे इतके छोटे होते की त्यांची पत्नी त्या कॅमेऱ्यांना उंदराचे सापळे म्हणायची. निगेटिव्हही टपालाच्या तिकिटाएवढीच. पण तिच्याशेजारी टॅलबट यांनी लिहून ठेवलं आहे की ती नवी असताना भिंगातून पाहिल्यावर खिडकीची सुमारे 200 तावदानं मोजता येत होती. आणि आज टिकून असलेला सर्वात जुना कॅमेऱ्याचा फोटो, फ्रेंच संशोधक नीसेफोर निएप्स यांचा, 1826 किंवा 1827मधला, तोही त्यांच्या घराच्या वरच्या खिडकीतून बाहेर बघत घेतलेला आहे. एकाने खिडकीतून बाहेर पाहिलं, दुसऱ्याने आतून खिडकीकडेच पाहिलं. दोघांनीही सुरुवात घरापासून केली याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॅमेरा या शब्दाचा अर्थच मुळी खोली. लॅटिनमध्ये कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली: एका भिंतीला बारीक भोक, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या जगाचं उलटं चित्र. आपल्याकडे यासाठी वेगळा शब्द शोधायला नको, कवडसा आहे. आमच्या जिन्याच्या वर एक झरोका होता आणि त्याच्या जाळीला एक बारीक भोक. दुपारी समोरच्या भिंतीवर एक गोल कवडसा पडायचा. भोक वेडंवाकडं होतं, कवडसा मात्र गोल, कारण ती भोकाची सावली नव्हती, सूर्याचं चित्र होतं. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. लहानपणी मी त्या कवडशाखाली तळहात धरून बसायचे. म्हणजे तेव्हापासून मी एका कॅमेऱ्यातच राहत होते म्हणायची.

त्या काळात मी एक वही केली. प्रत्येक खोलीला एक पान, आणि पानावर फक्त वेळा. जिना, दुपारी पावणेदोन. स्वयंपाकघर, सकाळी साडेनऊ, भांड्यांवर. मागची खोली, ऊन येतच नाही; ढगाळ दिवशी छान, सगळीकडे सारखा मऊ उजेड. प्रत्येक कोपरा दिवसातून एकदा कधीतरी स्वतःसारखा दिसतो, आणि आपण त्या वेळी तिथे असायला लागतो. लेन्स, उंची, ओळंबा हे सगळं शिकून घेता येतं. ही वेळ मात्र ज्याच्या घरात राहणं झालंय त्यालाच माहीत असते, आणि बाहेरून आलेला कसलेला छायाचित्रकारही ती एका भेटीत पकडू शकत नाही. आईला तर वहीचीही गरज नव्हती. "मागच्या खोलीत दाराच्या फटीतून येतं ना ऊन, पाच वाजता, एक बोटभर," असं ती सहज सांगून गेली. मी दुसऱ्या दिवशी पाच वाजता बघितलं. होतं.

दिवे बंद करायला तिचा विरोध होता. "अगं, अंधार करून कुणी फोटो काढतं का?" पण उजेडाचा रंग केल्विन या मापात मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. खोलीतल्या पिवळ्या दिव्याचा रंग 2700 केल्विनच्या आसपास असतो आणि दिवसाच्या उजेडाचा साधारण 5500. सावलीतला तर त्याहून निळा. आपलं डोकं दोन्हींना पांढरं मानून घेतं, कॅमेरा मानत नाही. दोन्ही एकत्र आले की भिंतीचा अर्धा भाग हळदीचा आणि अर्धा निळीचा. दिवे मालवले की भिंतीला तिचा स्वतःचा रंग परत मिळतो. मी तिला दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि स्वतः उठून स्वयंपाकघरातलाही दिवा घालवून आली.

दिव्यांची पण एक वेळ असते, ती संध्याकाळची. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी बाहेरचं आभाळ आणि आतला दिवा यांचा उजेड जवळपास सारखा होतो. तेव्हा खिडकी पांढरी पडत नाही, गडद निळी होते, आणि आतला पिवळा रंग तिच्याशेजारी शोभतो. हा मेळ दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. निसर्ग तो मेळ घालून देत नसेल तर माणसं तो स्वतः घालतात. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या काचेच्या घराचा छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांनी 1960मध्ये काढलेला फोटो खूप जणांनी पाहिला असेल: दोन बायका गप्पा मारत बसल्या आहेत आणि खाली दूरवर शहराचे दिवे पसरले आहेत. त्यात शहराच्या दिव्यांसाठी सुमारे सात मिनिटं शटर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणारा कॅमेऱ्यातला पडदा, उघडं ठेवलं होतं, आणि मग आतल्या माणसांसाठी फ्लॅशचा एक झोत. आत आणि बाहेर वेगवेगळ्या वेळी टिपून एकाच फिल्मवर बसवलेलं आहे सगळं.

आवराआवरीबद्दल थोडंच सांगते, कारण त्याबद्दल सगळेच सांगतात. पहिल्या फोटोंच्या वेळी मी सगळं उचलून ठेवलं होतं, आणि म्हणून त्यात कुणी राहत नसल्यासारखं वाटत होतं. आता मी वायरी, चार्जर, छापील पिशव्या हलवते, आणि जी वस्तू चौकटीच्या कडेला अर्धी कापली जातेय तीही. वापरातलं राहू देते. आईचा चष्मा खुर्चीच्या हातावर होता, घडी न घातलेला. तो तसाच ठेवला. पडदा वाऱ्याने हलला आणि मंद शटरमुळे जरा पुसट आला, तेही चाललं.

व्हिल्हेल्म हॅमर्सहॉय नावाचे एक डॅनिश चित्रकार होते. 1898 ते 1909 या काळात ते कोपनहेगनमध्ये स्ट्रॅन्डगेड 30 या पत्त्यावर राहत, आणि त्याच घरातल्या त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत. दारं, खिडक्या, उघड्या दारातून दिसणारी पुढची खोली, पाठमोरी पत्नी. 1900मधल्या एका चित्रात तर माणूस नाही, सामान नाही. एक बंद दार, एक खिडकी, आणि तिच्यातून तिरपं उतरलेलं ऊन, फरशीवर तावदानांचे चौकोन. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घराच्या शेवटच्या आठवड्यात होते, खोक्यांच्या ढिगात. एकेक खोली रिकामी होत होती आणि मला वाटत होतं की आता काढण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटच्या दिवशी सामान आदल्या रात्रीच गेलं होतं. सकाळी किल्ल्या द्यायच्या म्हणून मी आणि आई लवकर आलो. बैठकीत काहीच नव्हतं. खुर्ची होती तिथे फरशीवर चार फिकट ठसे होते, वर्षानुवर्षं पाय टेकून उमटलेले. मी फोन काढला, आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. खिडकीखाली उनाची बारीक पट्टी नुकती आली होती.

"थांब," आई म्हणाली. "अजून दहा मिनिटांनी येईल तिथे."

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. मीही तिच्याशेजारी बसले, फोन डोळ्यांसमोर धरून उभी रेष खिडकीच्या कडेला जुळवली, आणि आम्ही दोघी ऊन पहिल्या ठशापर्यंत पोचायची वाट बघत राहिलो.